ठाण्यात भाड्याने मिळणारा 'ब्लॅक नाइट': वरून काळा, आतून तांबडा

डिसेंबर उजाडला की ठाण्यातल्या ड्रेपरीवाल्यांकडचे मावळ्यांचे अंगरखे आणि जिरेटोप पहिल्या आठवड्यातच संपतात. विलायती चिलखताला तेवढी मागणी नसते, म्हणून ते ठेवणारेही मोजकेच. नौपाड्यात पहिल्या मजल्यावर थाटलेल्या अशाच एका दुकानात काळ्या नाइटचा पूर्ण संच आहे. भाडं चोवीस तासांना १,८०० रुपये, डिपॉझिट ५,०००. एकांकिका, स्नेहसंमेलन, फोटोशूट या तिन्हींसाठी तो कसा आहे, ते इथे नग-नग तपासून लिहिलं आहे.

आधी बुकिंगचा घोळ. देवनागरीत रात्रही 'नाइट' आणि सरदारही 'नाइट'. त्यात बॅटमॅनला 'डार्क नाइट' म्हणायची पद्धत १९४० पासूनची. त्यामुळे या दुकानात एकाच नावाचे दोन संच आहेत. एक उभ्या कानांचा वटवाघळाचा, दुसरा पत्र्याचा. फोनवर 'ब्लॅक नाइट ठेवा' एवढंच सांगितलं तर शनिवारी सकाळी हातात काय पडेल ते देव जाणे. 'चिलखतवाला, पत्र्याचा' असं स्पष्ट सांगावं, फोटो मागवावा आणि मगच ॲडव्हान्स पाठवावा.

संच सतरा नगांचा आहे. टोप, गळपट्टी, छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा, जाळीचा सदरा असे पाच. आणि खांदे, हात, पंजे, मांडी-गुडघा, नडगी, बुटांवरच्या झडपा या सहा जोड्या. झूल आणि तलवार वेगळी. यातला टोप आणि छाती-पाठ खऱ्या पत्र्याची, १८ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाड. हातापायांचे सगळे नग ईव्हीए फोमचे, म्हणजे रबरासारख्या हलक्या, लवचीक फोमचे. जाळी लोकरीची, चंदेरी रंग मारलेली. सगळं मिळून वजन आठ किलोच्या आत भरतं. युरोपात पंधराव्या शतकातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत २० ते २५ किलोचं असे आणि ते अंगभर वाटलेलं असल्याने माणूस त्यात धावू शके, घोड्यावर चढू शके. नाइटला दोरखंडाने उचलून खोगिरावर बसवत ही निव्वळ दंतकथा आहे, आणि दिग्दर्शक मंडळी अजूनही तिच्यावरून विनोद बसवतात.

पत्रा आणि फोम मिसळण्यात चूक काही नाही. रंगमंचावर चार फुटांवरून फरक कळत नाही आणि नटाचे हात मोकळे राहतात. अडचण काळ्या रंगात आहे, आणि हा संच घ्यायचा तो त्या काळ्यासाठीच.

चिलखत काळं का करत, याचं पहिलं उत्तर भीती घालण्यासाठी असं कोणीही देईल. खरं कारण बरंचसं गंजाचं होतं. चकचकीत पोलाद राखायला रोज घासणारा नोकर लागतो. लोहाराच्या ऐरणीवरून उतरलेला पत्रा घासून उजळला नाही, तर त्यावरचा भट्टीचा काळा थर तसाच राहतो आणि काही अंशी संरक्षण देतो. वरून तेल जाळून किंवा रंग देऊन तो पक्का करत. सोळाव्या शतकात पायदळाला ठोक भावात मिळणारं स्वस्त चिलखत असंच काळं असे. जर्मन पिस्तूलधारी घोडेस्वारांना 'काळे स्वार' हे नाव पडलं तेही अशा काळ्या सामानावरून. आपल्या भाषेत बोलायचं तर स्वतःचं घोडं-हत्यार बाळगणाऱ्या शिलेदाराला चकाकी परवडते, सरकारी घोड्यावरच्या बारगिराला काळं बरं.

झग्यांचंही तसंच. टेम्पलर या मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती पंथात पांढरा झगा फक्त नाइट दर्जाच्या माणसाला. खालच्या दर्जाच्या सार्जंटला काळा किंवा तपकिरी. हॉस्पिटलर पंथाचा झगा मात्र सगळ्यांचाच काळा, त्यावर पांढरा क्रॉस, आणि हे लोक रुग्णसेवेतून उभे राहिलेले. ट्यूटॉनिक पंथाचं उलटं: पांढऱ्यावर काळा क्रॉस. काळा म्हणजे खलनायक हे समीकरण इतिहासातून येत नाही.

साहित्यात तर काळं चिलखत म्हणजे बहुतेक वेळा ओळख लपवणं. बाराव्या शतकातला फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वा याच्या एका दीर्घकाव्यात नायक ऑक्सफर्डच्या चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी काळ्या साजात उतरतो, मग हिरव्या, मग लाल, मग पांढऱ्या. रोज लोक कालच्या वीराला शोधत बसतात. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतला काळा नाइट म्हणजे वेश पालटून फिरणारा खुद्द राजा रिचर्ड. आणि ज्याला जग 'ब्लॅक प्रिन्स' म्हणतं तो इंग्लंडचा युवराज एडवर्ड (१३३०–१३७६) हयात असताना त्याला कोणी काळा म्हटल्याची नोंद नाही. ते नाव सोळाव्या शतकातल्या लिखाणात येतं. कॅंटरबरीला त्याच्या थडग्यावरची मूर्ती सोनेरी मुलाम्याची आहे. काळा नाइट म्हणजे वाईट माणूस हे डोक्यात पक्कं बसलं ते बरंचसं विसाव्या शतकातल्या पडद्यामुळे.

इतकं सांगायचं कारण असं की दुकानातल्या टोपाचा काळा हा यातला कुठलाच नाही. तो स्प्रे-पेंटचा आहे, आणि तोही आधीचा गंज न काढता मारलेला. टोप उलटा करून मानेच्या कडेला नखाने खरवडलं की पापुद्रा निघतो आणि खाली तांबडी भुकटी दिसते. वरून कीर्तन, आतून तमाशा. ठाण्याची हवा अशा पत्र्याला क्षमा करत नाही. खाडी जवळ, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, त्यात हा टोप प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेला असतो. पिशवीत अडकलेली आर्द्रता रात्री पत्र्यावर दवासारखी जमते, आणि रंगाच्या बारीक चिरेतून आत शिरली की गंज रंगाखाली पसरत जातो. भाड्याने घेणाऱ्याला याचा त्रास दोन तऱ्हेने होतो: कपाळावर आणि पांढऱ्या बनियनवर तांबडे डाग, आणि परत देताना 'रंग तुम्ही उडवलात' हा वाद.

दुकानदारांनी मनावर घेतलं तर इलाज अवघड नाही, खर्चिकही नाही. आतलं फोमचं अस्तर आणि चामडी पट्टे सोडवायचे. पेंट रिमूव्हरने रंग काढायचा, गंज तारेच्या ब्रशने आणि मग स्टील वूलने घासायचा, थिनरने पुसून हाताचा तेलकटपणा घालवायचा. थिनर पूर्ण उडून गेल्यावरच मोकळ्या जागेत पत्रा सगळीकडून सारखा तापवायचा आणि आच बाजूला करून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. पत्रा पुरेसा तापला असेल तर तेल लगेच धुरकटतं, आधी तपकिरी होतं, मग काळं. जाड थर दिला की ओघळ येतात आणि चिकट राहतात, म्हणून तीन-चार पातळ हात. हे काम खोबरेल तेलाने होणार नाही. ते वाळून पापुद्रा धरणाऱ्यातलं तेल नाही, चिकटपणा आणि वास तेवढा मागे राहतो. दोन गोष्टी जिवाशी येऊ शकतात. पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, असेल तर तापवायचाच नाही, कारण जस्ताचा धूर फुप्फुसात गेला की ताप भरतो. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. पाण्यात भिजवून किंवा बाहेर पसरून वाळवून मगच टाकाव्यात.

हे सगळं दुकानदाराने करायचं. भाड्याच्या मालावर गिऱ्हाइकाने प्रयोग करू नयेत. गिऱ्हाइकाने फक्त नाटक संपल्यावर सुक्या सुती फडक्याने घाम पुसावा आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे रंग नाही तिथे, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं. घामातलं मीठ एका रात्रीत बोटांचे ठसे उमटवतं.

फोमचे नग त्या मानाने चांगले आहेत. गुडघ्याची वाटी आणि खांद्याचे एकावर एक सरकणारे तुकडे दहा मिलिमीटर फोममधून कापलेत, कडा उतरत्या केल्यात, हीट गनने पृष्ठभाग बंद करून मग रंग दिलाय. हीट गन न फिरवता रंगवलेला फोम स्पंजासारखा रंग पितो आणि वाकवला की भेगाळतो. इथे कोपराची एक घडी सोडली तर तसं झालेलं नाही. कडांवर चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश ओढलाय, त्यामुळे काळं घासून खालचं पोलाद दिसतंय असा भास होतो. ज्याने केलं त्याचा हात बसलेला आहे. सांधे मात्र रबरी गोंदाचे. बंद गाडीत उन्हात तासभर राहिले की उघडतात. मुलुंड चेकनाक्याच्या वाहतुकीत अडकायची शक्यता धरून संच डिकीत टाकू नये, आत सीटवर ठेवावा आणि ग्रीनरूममध्ये गोंदाची छोटी ट्यूब असू द्यावी. दोन्ही बाजूंना लावून, दहा मिनिटं वाळू देऊन मग दाबायचं. लगेच दाबणाऱ्यांचे सांधे दुसऱ्या अंकात सुटतात.

जाळीच्या सदऱ्यावर नाक मुरडायचं कारण नाही. जाड लोकर सगळे सुलट टाके घालून विणली आणि वर धातूचा रंग दिला की तिसऱ्या रांगेपासून ती कड्यांची जाळी दिसते, ही रंगभूमीची जुनी युक्ती आहे. खऱ्या जाळीत एक कडी चार शेजारणींत गुंतते आणि कड्यांची टोकं बरेचदा रिवेटने ठोकलेली असतात. युरोपातही तसंच, आपल्याकडच्या जिरहबख्तरातही तसंच. बाजारात हल्ली मिळणाऱ्या सदऱ्यांत टोकं नुसती भिडवलेली असतात. ओढ बसली की कड्या गळतात आणि रंगमंचावर छनछन करत सांडतात. लोखंडी सदरा दहा किलोच्या आसपास जातो आणि कॉलर माइकमध्ये सतत खुळखुळतो. लोकरच बरी. फक्त ती धुतलेली आहे का, ते वास घेऊन बघा. विणीत घाम मुरतो.

आता या संचातली सर्वांत मोठी उणीव. आत घालायला काहीच देत नाहीत. खरा नाइट चिलखताखाली तागाच्या अनेक थरांची, आडवी-उभी टाचलेली बंडी घालत असे. काहींत कापूस किंवा लोकर भरलेली असे. ती नुसती मार झेलायला नव्हती. पत्र्याचा भार खांद्यावर आणि कंबरेवर वाटून द्यायला होती, आणि हातापायांचे नग तिलाच मेणवलेल्या बंदांनी बांधलेले असत. ती नसेल तर दीड इंची पट्टा गळ्याच्या हाडावर रुततो, छातीचा पत्रा चालताना खाली घसरतो आणि दर चार वाक्यांनी नट तो वर ओढत राहतो. ठाण्यात यावर उपाय सोपा आहे: गोधडी. तंत्र तेच, थरावर थर आणि धावदोरा. जुन्या पातळ गोधडीची बिनबाह्यांची बंडी शिवून घ्यावी, खांद्यावर एक जादा थर, आणि दंडावर, कंबरेवर नाडीचे लूप. फोमच्या मांड्या कंबरेच्या लूपला बांधल्या की त्या गुडघ्यावर उतरत नाहीत. उकाडा होतो, खरं आहे. पण उकाडा सोसता येतो, घसरतं चिलखत नाही.

चढवताना खालून वर जायचं. आधी बुटांच्या झडपा, नडगी, मांडी. मग जाळी, गळपट्टी, छाती-पाठ. मग हात, खांदे. पंजे आणि टोप शेवटी, एंट्रीच्या आधी. उलट क्रम लावला तर छातीचा पत्रा घातल्यावर खाली वाकून नडगीची बक्कल लावता येत नाही आणि दुसरा माणूस लागतो. दुसरा माणूस तसाही लागतोच. पाठीच्या बकला स्वतःला पोचत नाहीत. पहिल्या वेळी पंचवीस-तीस मिनिटं धरा, तालीम झाल्यावर पंधरा. बकला पूर्ण आवळू नका, छातीच्या पत्र्याखाली सपाट तळहात जायला हवा. नाहीतर लांब वाक्याला श्वास पुरत नाही.

टोपाची फट बोटभर रुंद आहे. समोरचं दिसतं, पायाखालचं दिसत नाही. पायऱ्या असलेला सेट असेल तर पावलं मोजून तालीम करावी आणि रंगमंचाच्या कडेला पांढरी टेप लावावी. बाहेर पडणारा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो, म्हणून माइक गालाशी न लावता कपाळावर, केसांच्या रेषेत लावावा. संवाद असलेलं पात्र वीस मिनिटांच्या वर टोपात ठेवू नये. लहान मुलांना तर हा टोप देऊच नये. वजन मानेवर येतं आणि आतली टोपी मोठ्यांच्या मापाची आहे. स्नेहसंमेलनाला फोमचा वेगळा टोप मागा, तो दुकानात आहे, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

काळ्याची खरी परीक्षा दिव्यांखाली होते. गडकरी असो, घाणेकर असो की वाशीचं भावे नाट्यगृह, मागे काळा पडदा आणि समोरून सपाट प्रकाश असेल तर काळा नाइट नाहीसा होतो आणि अधांतरी तलवार तेवढी हिंडते. समोरचा उजेड कमी करून दोन्ही विंगांतून, खांद्याच्या उंचीवर साइड लाइट द्यावा आणि मागून वरून एक. पत्र्याच्या कडा पेटतात, मधलं अंधारात राहतं. आकृतीची रेघ दिसली की भीती आपोआप येते. यासाठी रंग अर्धवट तुकतुकीत हवा. पूर्ण मॅट रंग उजेड गिळतो. दुकानाच्या संचात पत्रा तुकतुकीत आणि फोम मॅट आहे, त्यामुळे धड दिसतं आणि हात गायब होतात. फोमच्या उंचवट्यांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड सुक्या फडक्याने घासली तर बराच फरक भरून निघतो आणि नंतर ओल्या फडक्याने बरीचशी पुसताही येते. तरी दुकानदाराला विचारूनच.

हा संच कुठल्या काळाचा? कुठल्याच नाही. सपाट डोक्याचा डब्यासारखा टोप तेराव्या शतकातला, फुगीर छातीचा पत्रा पंधराव्या. परीकथेला चालून जाईल. ऐतिहासिक नाटकाला फक्त टोप, जाळी आणि काळा झगा असे तीन सुटे नग घ्यावेत. दुकान देतं, भाडं निम्म्याहून कमी पडतं, आणि झग्यावर पांढरा क्रॉस शिवला की तेराव्या शतकातला हॉस्पिटलर बराचसा बिनचूक उभा राहतो. एक चूक मात्र इथे नेहमी होते. वसईच्या मोहिमेवरच्या नाटकात पोर्तुगीज अधिकाऱ्याला हाच संच चढवतात. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. तोवर युरोपी सैनिक कापडी लांब कोटात आणि तिकोनी टोपीत आला होता. डबा-टोप त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीच इतिहासजमा झाला होता.

आपल्या बाजूचं चिलखत याच दुकानात बघितलं तर ते जास्त चांगलं आहे, पण तेही अंगरख्यावरून घालायला देतात. अफझलखानाच्या भेटीला, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांनी चिलखत अंगरख्याखाली घातलं होतं. दिसू नये हाच त्याचा उपयोग होता. खऱ्या वस्तू डोळ्यांखालून घालायच्या असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, अकबराचं चिलखतही तिथेच. सीएसएमटीची लोकल पकडून अर्धा दिवस तिथे घालवणारा वेशभूषाकार पुढच्या वेळी दुकानात नेमके प्रश्न विचारतो.

तलवार ॲल्युमिनियमची, बोथट, मूठ घट्ट, तक्रार नाही. झूल पॉलिस्टरची, स्थिर विजेने पायांना चिकटते. कॉटनची स्वतःची शिवा.

शनिवार-रविवारचं भाडं दीड दिवसाचं धरतात, आणि रविवारी रात्री दुकान बंद असल्याने परतावा सोमवारी सकाळी अकराच्या आत. उशीर झाला तर पूर्ण दिवसाचं भाडं डिपॉझिटमधून कापतात, त्यावर घासाघीस होत नाही. नेतानाच एकोणीस नग काउंटरवर मांडून एक फोटो काढावा, टोपाच्या मानेची कड आणि डाव्या कोपराची घडी यांचे जवळून दोन वेगळे. डाव्या नडगीची खालची बक्कल आत्ताच सैल आहे. ती पावतीवर लिहून घ्या.